म्हातारी, माकड आणि चौथी चौकट

शाळेचं स्वयंपाकघर आणि तिसरी-चौथीचा वर्ग यांच्यामध्ये एकच भिंत आहे. त्या भिंतीत वरच्या बाजूला एक झरोका ठेवलेला आहे. तो कोणी आणि कशासाठी ठेवला हे मला आजवर कळलेलं नाही. एवढं खरं, की त्यातून माझ्या फोडणीचा वास वर्गात जातो आणि वर्गातला धडा माझ्याकडे येतो. मोहरी तडतडली की मुलांची मान तिकडे वळते. मग बाई पलीकडून म्हणतात, "मावशी, जरा दहा मिनिटं थांबून फोडणी द्या की." बाई घाटावरच्या आहेत. त्यांच्या बोलण्यात तो 'की' येतोच. मी गॅस बारीक करते आणि ऐकत बसते.

मला ऐकायला आवडतं. बोलायचं म्हटलं की माझा घसा कोरडा पडतो. लिहिणं त्यामानाने सोपं आहे, लिहिताना कोणी तोंडाकडे बघत नाही.

त्या दिवशी बाई गोष्ट कशी तयार होते ते शिकवत होत्या. फळ्यावर चार चौकटी काढल्या होत्या. मला त्या दिसल्या नाहीत, पण बाईंनी त्या इतक्या वेळा म्हणून घेतल्या की तांदूळ धुताधुता माझ्याही पाठ झाल्या. पहिली चौकट, कोण. दुसरी, कुठे. तिसरी, काय अडलं. चौथी, मग त्याने काय केलं. चारही भरल्या की गोष्ट झाली. मग मुलांनी आपापल्या गोष्टी लिहिल्या आणि उभं राहून वाचल्या.

पहिल्या मुलाची गोष्ट होती, "एका जंगलात एक सिंह होता. तो रोज आंघोळ करायचा. तो कोणाला त्रास द्यायचा नाही. संपली."

"अरे, पण त्याची अडचण कुठाय?" बाईंनी विचारलं.

"नाय बाई, त्याचा सगळा चांगला चाललाय."

दुसऱ्या मुलीच्या गोष्टीत राजा होता. तो मुंबईला गेला आणि गणपतीला परत आला.

"आणि मधे काय झालं?"

"कामाला होता."

मी झरोक्याखाली एकटीच हसत होते. बाईसुद्धा हसल्या असाव्यात, कारण थोडा वेळ त्यांचा आवाज आला नाही. मग त्या म्हणाल्या, "सिंह कुणी बघितलाय का तुमच्यात? राजा बघितलाय? मग आपल्या घरातली, वाडीतली गोष्ट आणा की. असं करू. या शनिवारी कुणाच्या तरी घरचं माणूस वर्गात येऊन गोष्ट सांगेल आणि आपण तिच्या चौकटी भरू. कुणाचं येईल?"

आणि मग माझ्या नातीचा आवाज, "माझी आजी."

माझ्या हातातली डाळ चाळणीतच राहिली.

"तुझी आजी?" ही तिच्याच बाकावरची मैत्रीण. दोन शेंड्या घालते आणि प्रत्येक गोष्टीत पुढे असते. "ती बोलते तरी काय गो? वाढताना पन तोंड उघडत नाय. आमी 'अजून' म्हटला की नुसती वाढते."

"बोलते. गोष्टी पन सांगते. तुला म्हायत नाय."

"खोटारडी."

"शनिवारी बघ मग," नात म्हणाली. "नाय सांगितलान, तर मी खोटारडी."

त्या दिवशी मुलांना खिचडी वाढताना मी नेहमीपेक्षाही खाली मान घातली होती. दोन शेंड्यांवाली ताट पुढे करून माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. मी तिला न मागताच आणखी एक डाव वाढला.

माझा स्वभाव सगळ्या वाडीला ठाऊक आहे. लग्नात उखाणा घ्यायला लावला तेव्हा मी नाव इतक्या हळू घेतलं की ते कोणालाच ऐकू गेलं नाही. सासूबाई अजून म्हणतात, "हिचा उखाणा यायचा हाय." बचत गटाच्या बैठकीत माझी पाळी आली की शेजारची बाईच माझ्या वतीने बोलते. आंब्याच्या बागेत माकडं आली तर बाकी सगळे मोठ्याने हाळी देतात, मी डबा वाजवते.

नात मात्र माझ्या सोबतीनेच वाढली. मुलगा आणि सून मुंबईला असतात. तिकडची खोली लहान, दोघांच्या कामाच्या वेळा उलटसुलट, म्हणून पोर आमच्याकडे. मासे साफ करताना, काजू सोलताना मी तिला काहीबाही सांगत आले. त्याला गोष्ट म्हणतात हे मला तिच्याकडूनच कळलं.

शाळा सुटल्यावर घरी जाताना मी विचारलं, "असा का सांगितलास गो बाईंना?"

"तू सांगतेस ना गोष्टी?"

"तुला एकटीला सांगते."

"मग मी पन असनार हाय ततं. माझ्याकडे बघून सांग. बाकीची पोरं ऐकतील तर ऐकतील."

"आणि माझा आवाज नाय फुटला तर?"

ती थोडा वेळ चपलेने कातळावरचे खडे उडवत चालली. "तर मग सोमवारी मी शाळेत नाय जानार," ती म्हणाली. रडवेली झाली नव्हती, नुसतं सांगत होती. आणि ती बोलते तसं करते, हे मला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बागेत राखण होती. आमची बाग नाही. पावस गावच्या एका बागायतदाराची आहे, आणि तिची रखवाली माझे यजमान करतात. शाळा सड्यावर, म्हणजे वरच्या मोकळ्या कातळावर आहे आणि बाग तिच्या खालच्या उतारावर. आंबा काढायला सुरुवात करण्याआधी बागेच्या राखणदाराला, म्हणजे त्या जागेच्या देवाला, नारळ द्यायचा असतो. गाऱ्हाणं यजमानच घालतात. त्यांचा आवाज मोठा. आमच्या घरातला माझ्या वाट्याचा आवाजही त्यांनाच मिळालेला आहे.

ते आंब्याच्या कलमाखाली नारळ हातात धरून उभे राहिले. बागायतदार, गडी आणि आम्ही दोघी मागे.

"बा म्हाराजा," त्यांनी सुरुवात केली, "आज ही तुझी लेकरा तुझ्या पायाशी जमली हायत."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"ह्या कातळावर, ह्या सड्यावर तुझी सत्ता हाय."

"व्हय म्हाराजा."

"औंदा मोहर उशिरा आला, थंडी गेली, माकडांनी उच्छाद मांडला."

"व्हय म्हाराजा."

"तर जा काय वाकडा-नाकडा आसंल, ता दूर कर, आनि झाडा सुखात ठेव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

नारळ फुटला. नातीने माझा पदर ओढला. ती बोटं दुमडून मोजत होती. "आजी, ह्यात पन चौकटी हायत. कोण, लेकरा. कुठे, सड्यावर. काय अडला, माकडा. आनि मग आजोबांनी गाऱ्हाना घातला, झाला."

मला एकदम हायसं वाटलं. म्हणजे गोष्ट एवढीच असते. चार वाक्यं बोलायची, आणि प्रत्येक वाक्यानंतर दम घ्यायला वेळ मिळतो. हे मला जमेल असं वाटलं. शुक्रवारभर मी भांडी घासताना मनात तेच घोळवत होते.

शनिवारी सकाळची शाळा असते. त्या दिवशी दप्तरं आणायची नसतात, त्यामुळे मुलांचे हात मोकळे आणि तोंडंही. मी तांदूळ-डाळ भिजत घातली, हात पुसले आणि वर्गाच्या दारात जाऊन उभी राहिले. इतकी वर्षं मी या वर्गाचं ऐकत आले, पण समोरून कधी बघितला नव्हता. फळ्यावर चार रिकाम्या चौकटी काढलेल्या होत्या. बाई खिडकीजवळ सरकून उभ्या राहिल्या होत्या.

"या मावशी, सांगा की."

मी नातीकडे बघायचं ठरवलं होतं. पण तिच्याकडे बघितलं तर शेजारी दोन शेंड्या दिसत होत्या. म्हणून मी फळ्याकडे बघितलं. मग मुलांकडे माझी पाठ झाली. मागून कोणीतरी खुसखुसलं.

"बघ," दोन शेंड्यांवाली हळूच म्हणाली. तिचं हळूच सगळ्यांना ऐकू जातं.

घसा कोरडा पडला होता. ठरवलेलं काही आठवेना. चार माणसांसमोर बोलायला सुरुवात कशी करतात, ते मी एकाच प्रकारचं ऐकलेलं आहे. तेच तोंडातून बाहेर पडलं.

"बा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला.

मी दचकून वळले. सगळी मुलं ताठ बसली होती. कोणी हात जोडले होते. बाई गोंधळून कधी मुलांकडे, कधी माझ्याकडे बघत होत्या. घाटावर असं काही नसावं. पण तेवढ्या वेळात मला दम मिळाला.

"एक म्हातारी होती."

"व्हय म्हाराजा."

"कातळाच्या कडेला, दगडी गडग्याला लागून तिचा घर होता."

"व्हय म्हाराजा."

"तिच्या दारात एकच कलम. औंदा त्याला एकच आंबा धरला."

"व्हय म्हाराजा."

"आनि त्या आंब्यावर एका माकडाचा डोळा."

"व्हय म्हाराजा." हा सगळ्यात जोरात आला.

माझ्या अंगात जरा बळ आलं होतं. "तर जा काय संकट आसंल, ता दूर कर रे म्हाराजा," मी म्हटलं.

"व्हय म्हाराजा."

झालं. मी पदराने तोंड पुसलं आणि दाराकडे निघाले. बोलले तर होते. नातीचा शब्द राहिला, असं मला वाटलं.

"आता?" एका पोराने विचारलं.

"आता काय? संपली," मी म्हटलं.

"माकड गेला?"

"गेला."

"कसा गेला?"

"म्हाराजांनी घालवला."

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. बाईंनी खडू घेऊन पहिल्या तीन चौकटी भरल्या. म्हातारी. कातळ. माकड. चौथ्या चौकटीपाशी त्यांचा हात थांबला. त्यांनी मला काही विचारलं नाही, मुलांनाच विचारलं. "इथं काय लिहू?"

"म्हातारीनं काय केलान?" दोन शेंड्यांवाली उभी राहिली होती. "तिनं कायच केलान नाय. नुसता सांगितलान. ही काय गोष्ट नाय."

नातीने मान खाली घातली. तिचे कान लाल झालेले मला दारातून दिसले.

तशी मी परत आत आले. का आले ते मला नीट सांगता येणार नाही. पाय आले. "मग काय करील ती?" मी त्या मुलीलाच विचारलं. "एकटी म्हातारी. तूच सांग."

"फटाके लावील."

"लावलान. माकड झाडावर बसून मजा बघत राहिला. दिवाळी समजला."

वर्ग हसला. मला ते हसणं अंगावर आल्यासारखं वाटलं नाही.

"बुजगावना," मागचा एक म्हणाला.

"केलान. म्हाताऱ्याचा जुना सदरा घातलान त्याला. माकड येऊन त्याच्या खांद्यावर बसला. वरून त्याला आंबा अजून जवळ झाला."

"गलोल."

"तिला नेम धरता येत नाय. खडा शेजारणीच्या मडक्याला लागला. आता शेजारीण पन भांडायला आली."

"म्हंजे अडचण वाढली की," बाई म्हणाल्या आणि तिसऱ्या चौकटीत माकडाच्या खाली शेजारीण लिहिली.

"डबा वाजव," हे नात म्हणाली. ती आता वर बघत होती.

"वाजवलान. रोज वाजवायची. माकडाला सवय झाली. डबा वाजला की तो शेपटी हलवायचा."

सगळे विचारात पडले होते. खिचडी गॅसवर चढवायची राहिली आहे हे मला आठवत होतं, तरी मी हलले नाही. मग दोन शेंड्यांवालीने विचारलं, "ती वराडत का नाय? आमची आये एक हाळी देते, चार बागांतली माकडा पळतात."

"तिचा आवाज लहान होता," मी म्हटलं.

"किती लहान?"

"तिचा उखाणा तिच्या नवऱ्यालासुद्धा ऐकू गेला नव्हता."

"पन आंबा जाईल ना," ती म्हणाली. "माकडानं हात पुढं केलान. आता?"

खरंच, त्या क्षणी मला तो आंबा दिसत होता. देठाशी पिवळा झालेला, आणि त्याच्याकडे जाणारा काळा हात. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता, आणि सगळ्यांना एकच हवं होतं. मी खिडकीकडे तोंड केलं, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि हाळी दिली.

यजमान देतात तशीच, खालून सुरू होऊन वर जाणारी आणि शेवटी तुटणारी. ती माझ्यात कुठे होती कोण जाणे. इतकी वर्षं ऐकून आत साठली असेल. बाईंच्या हातातला खडू खाली पडला. पहिलीच्या वर्गातले धडे थांबले. कातळावर आवाज फार लांब जातो.

आणि मग खालून, बागेतून, उत्तर आलं.

आमच्याकडे ही रीत आहे. एका बागेतून हाळी आली की ऐकणाऱ्याने ती पुढे द्यायची, म्हणजे पलीकडचे सावध होतात. खालची हाळी यजमानांची होती. तिच्यामागून पलीकडच्या बागेतल्या नेपाळी रखवालदारांची आली, त्यांच्या वेगळ्या चालीत. मग आणखी लांबून, पूर्णगडच्या बाजूने, अगदी बारीक.

मुलं बाकांवर चढली. "माकड गेला," कोणीतरी म्हणालं.

"गेला," मी म्हटलं. या खेपेला तो खरंच गेला होता.

"आनि आंबा?"

"आंबा झाडावर राहिला."

बाईंनी खडू उचलला आणि चौथ्या चौकटीत मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'म्हातारीने हाळी दिली.' मग त्या वळून म्हणाल्या, "मघाशी पण गोष्ट संपली होती आणि आता पण संपली. फरक काय पडला, सांगा बघू."

बरेच हात वर झाले. सिंहाला आंघोळ घालणाऱ्या मुलाला बाईंनी उठवलं. तो डोकं खाजवत म्हणाला, "गाऱ्हान्यात अडचण देवाकडं द्यायची. गोष्टीत ती म्हातारीकडंच ठेवायची."

"का रे?"

"नायतर ती घरात जाऊन झोपंल."

बाईंनी हे कुठेतरी लिहून ठेवायला हवं होतं असं मला वाटलं, म्हणून मी इथे लिहिते आहे.

तेवढ्यात दाराशी धापा ऐकू आल्या. यजमान उभे होते. एका हातात गलोल, दुसऱ्या मुठीत खडे, लेंगा गुडघ्यापर्यंत खोचलेला, केसांत मोहराचा कचरा. चढण धावत चढून आले होते.

"कुठल्या अंगाला गेली?" त्यांनी विचारलं.

"कोन?" मी म्हटलं.

"माकडा. हाळी शाळेतना आली. कोनी दिलान?"

मग नात बाकावर उभी राहिली. "आजीनं," ती म्हणाली. हे तिने आजोबांना सांगितलं, पण बघत होती ती शेजारच्या दोन शेंड्यांकडे.

यजमानांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं लग्नातही बघितलं नव्हतं. "तू?"

"गोष्टीत माकड आला होता," मी म्हटलं.

त्यांनी मुठीतले खडे खिशात टाकले. "म्हंजे पलीकडचे नेपाळी गोष्टीतल्या माकडाच्या मागं धावतायत," ते म्हणाले. "बरं. आता एवढा चढून आलोय तर मला पन सांग. मी कुठं ऐकलीय?"

"सांगा की मावशी," बाई म्हणाल्या. "खिचडीला थोडा उशीर झाला तर चालतंय."

यजमान उंबऱ्यावर बसायला लागले, तर दोन शेंड्यांवालीने बाकावर सरकून त्यांना जागा दिली. ते त्या लहान बाकावर गुडघे वर करून कसेबसे बसले. ती त्यांच्या कानाशी गेली आणि आपल्या त्या नेहमीच्या हळू आवाजात म्हणाली, "आजोबा, मधी व्हय म्हाराजा म्हनायचा नाय हां. म्हटला की ती लगेच संपवते."

त्यांनी मान डोलावली आणि तोंडावर हात ठेवला.

मी फळ्याकडे पाठ केली. समोर सगळे होते. घसा अजून कोरडा होता, पण तसाच ठेवून मी सुरुवात केली. कातळाच्या कडेला, गडग्याला लागून एक म्हातारी राहायची, आणि तिचा आवाज फार लहान होता.